बंदिस्त गोठा

अवसरी खुर्दला इंजिनिअरिंग केलं असं सांगितलं की पुण्यातले लोक दोन गोष्टी विचारतात. हे कुठे आलं? आणि तिकडे खरंच बिबट्या असतो का? आलं मंचरजवळ, आंबेगाव तालुक्यात. तिथलं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 2009 साली सुरू झालं. आणि हो, बिबट्या असतो. उसात त्याला लपायला जागा मिळते आणि वस्तीवर शेळ्या, वासरं, कुत्री मिळतात.

आता माझं काम वेब ॲप्लिकेशन लिहिण्याचं. टीममध्ये नवीन आलेल्यांना लॉगिन समजावताना मी गोठ्याचं उदाहरण देतो. पुष्कळ गोठ्यांना पुढे दणकट फाटक असतं, कडी-कुलूप असतं. बाजूच्या भिंती मात्र कमरेएवढ्या, आणि वर आभाळ. बिबट्या फाटकाकडे बघतसुद्धा नाही. म्हणून तर वनखातं बंदिस्त गोठा करायला सांगतं: चारी बाजूंनी जाळी आणि वर छप्पर.

वेबसाइटवर फाटक लावणं सोपं आहे. लॉगिन नसेल तर ‘माझी बिलं’ हे बटण दाखवायचं नाही, कुणी त्या पानावर आलंच तर त्याला लॉगिनच्या पानाकडे वळवायचं. रिॲक्टमध्ये हे दहा-पंधरा ओळींत होतं. पण हे सगळं घडतं वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये, आणि ब्राउझर त्याच्या ताब्यात असतो. बिलं येतात सर्व्हरवरच्या कुठल्यातरी पत्त्यावरून, आणि तो पत्ता ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये कुणालाही वाचता येतो. बटणाला हात न लावता थेट त्या पत्त्यावर मागणी केली, तर सर्व्हर काय उत्तर देतो? खरी परीक्षा तिथे आहे.

सर्व्हरने दर खेपेला दोन प्रश्न विचारायचे असतात. तू कोण? उत्तर नसेल तर 401. हे तुझं आहे का? नसेल तर 403. पहिला प्रश्न बहुतेक जण विचारतात. दुसरा राहून जातो. मग रीतसर लॉगिन केलेला माणूस पत्त्यातला 1041 खोडून 1042 टाकतो आणि शेजाऱ्याचं बिल उघडतं.

अमेरिकेत फर्स्ट अमेरिकन ही जमीन-घरांच्या मालकीहक्काचा विमा उतरवणारी मोठी कंपनी आहे. मे 2019 मध्ये उघडकीला आलं, की तिच्या साइटवरच्या एका कागदाच्या लिंकमधला आकडा बदलला की दुसऱ्याचा कागद दिसतो. लॉगिनही लागत नव्हतं. साधारण 88.5 कोटी फायली अशा उघड्या होत्या, त्यात लोकांचे बँक खात्यांचे नंबरही होते. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प संस्थेने 2021 च्या तिच्या यादीत याच प्रकारच्या चुकांना पहिला नंबर दिला. आधीच्या, 2017 च्या यादीत त्या पाचव्या होत्या.

यावरचा उपाय गोठ्याचाच. सगळे राऊट आधी बंद. उघडे ठेवायचे ते एकेक नाव घेऊन उघडायचे: मुखपृष्ठ, लॉगिन, ‘पासवर्ड विसरलात?’. म्हणजे उद्या कुणी नवा राऊट लिहिला आणि पहारा लावायचं विसरला, तरी तो राऊट बंदच राहतो.

पण काय उघडं ठेवायचं, हे कोड सांगत नाही. जमिनीचेच कागद घ्या. महाभूलेखवर गट नंबर टाकला की कुणाचाही सातबारा बघता येतो. ती चूक नाही, तसं ठरवलेलंच आहे. जमीन घेणाऱ्याला ती कुणाच्या नावावर आहे आणि तिच्यावर बोजा किती, हे कळायला हवं. डिजिटल सहीचा, सरकारी कामाला चालणारा सातबारा हवा असेल तर मात्र लॉगिन करून पैसे भरावे लागतात. जमीन एकच, पण नुसतं बघायला वेगळं दार आणि सहीचा कागद न्यायला वेगळं.

आणि गावाकडे तिसरा प्रश्न उभा राहतो: दारात आलेला माणूस खरंच तोच आहे का? आम्ही धरून चालतो की एक मोबाइल म्हणजे एक माणूस. प्रत्यक्षात आजोबा मंचरला सेवा केंद्रात बसलेले असतात आणि नोंदवलेला नंबर चाकणला कंपनीत असलेल्या नातवाचा असतो. मग फोन जातो. “अरे, ओटीपी आलाय बघ. सांग लवकर, मागं लाइन लागलीय.” ओटीपी कुणाला सांगू नका, असं त्याच मेसेजमध्ये लिहिलेलं असतं. पण न सांगून आजोबांचं काम कसं व्हायचं?

आजोबांना निष्काळजी म्हणून मोकळं होता येत नाही. दार आम्ही बांधलं, आणि मदतीला आलेल्या माणसासाठी त्यात जागाच ठेवली नाही. केंद्रातल्या मुलाला स्वतःचं लॉगिन द्यावं. आजोबांनी सांगितलेलं तेवढं एकच काम त्याला त्यातून करता यावं, आणि ते त्याच्याच नावावर नोंदलं जावं. मग लगेच आजोबांच्या साध्या बटणांच्या फोनवर मराठीत मेसेज यावा: कुणी, कधी, कुठला कागद काढला. हे करायला दोन टेबलं आणि एक राऊट जास्त लागेल.