स्वराची नस

गोव्यातल्या आमच्या हिंदू घरांची एक गंमत आहे. घरात आम्ही कोंकणी बोलतो आणि देवळात मराठी गातो. भांडण कोंकणीत, अभंग मराठीत! त्यामुळे आमच्याकडच्या गाणाऱ्या माणसाला दोन गळे असतात, एक बोलायचा आणि एक गायचा, असं मी थट्टेनं म्हणायचो. ही थट्टा शरीरशास्त्रालाही बरीचशी मान्य आहे, हे मला आमच्या वहिनींच्या थायरॉइडच्या ऑपरेशनमुळे कळलं.

वहिनी आमच्या गावच्या महिला भजनी मंडळाच्या मुख्य गायिका. श्रावणातला सप्ताह असो, चवथीच्या आरत्या असोत की कला अकादमीची भजन स्पर्धा, गेली पंचवीस वर्षं त्या पुढे बसून गाताहेत. पट्टी काळी चार. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्याला उजव्या बाजूला गाठ लागली. सोनोग्राफीत ती अडीच सेंटीमीटरची निघाली. सुईने पेशी काढून तपासल्या, तर अहवाल अधांतरी. कर्करोग आहे असं म्हणता येत नाही आणि नाही असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. अशा वेळी थायरॉइडचा तेवढा अर्धा भाग काढून तपासणे, हा सरळ मार्ग.

थायरॉइड म्हणजे स्वरयंत्राच्या किंचित खाली, श्वासनलिकेला बिलगून बसलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. पूर्वी तिच्यासाठी गळ्यावर बोटभर लांब आडवा छेद घेत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इटलीतल्या पिसा इथल्या पाओलो मिक्कोली यांनी दोनेक सेंटीमीटरच्या छेदातून, बारीक कॅमेऱ्याच्या मदतीने हे ऑपरेशन करायची पद्धत रूढ केली. पुढे थायलंडच्या अंगकून अनुवाँग यांनी खालच्या ओठाच्या आतून शिरून, म्हणजे बाहेर एकही व्रण न ठेवता केलेल्या साठ ऑपरेशनांचा अनुभव २०१६ साली प्रसिद्ध केला. आमच्या पुतणीला ही ओठाआतली पद्धत फार आवडली. आईच्या गळ्यावर खूण नको, असं तिचं म्हणणं. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "व्रण पदराआड जाईल गो. आवाज गेला तर तो कुठं लपवू?"

आणि त्यांनी सर्जनबाईंना सरळ विचारलं, "माझा तार सप्तक राहील का?"

सर्जनबाई हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. त्यांनी कागद ओढला आणि चित्र काढलं. आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. इथे प्रश्न मज्जातंतूंचा. थायरॉइडच्या प्रत्येक बाजूला स्वराशी संबंधित दोन नसा असतात. पहिली खालून येते. तिची वाट मोठी मजेशीर. मेंदूकडून निघालेली ही नस गळ्यात न थांबता छातीच्या दिशेने उतरते, डावी तर थेट हृदयाजवळच्या महाधमनीला वळसा घालते आणि मग उलटी वर चढून स्वरयंत्रात शिरते. शिरण्यापूर्वी ती थायरॉइडच्या अगदी पाठीला घासून जाते. स्वरतंतू उघडणं-मिटणं हिच्या ताब्यात. ही दुखावली की आवाज घोगरा होतो, पाणी पिताना ठसका लागतो. दोन्ही बाजूंच्या दुखावल्या तर श्वासाचीच वाट अडते.

दुसरी नस वरून येते, केसासारखी बारीक. ती स्वरतंतूंना ताण देणाऱ्या स्नायूकडे जाते. तंबोऱ्याची खुंटी पिळणारा हात म्हणा ना! ही दुखावली तर बोलणं जवळजवळ पूर्वीसारखंच राहतं, पण वरचे स्वर लागत नाहीत, आवाज लवकर थकतो. बाजारात मासळीचा भाव करणाऱ्या बाईला कदाचित फरक जाणवणारही नाही. अभंगाचा अंतरा उचलणारीला मात्र तो पहिल्याच ओळीत कळेल. माझे ते दोन गळे हेच.

या नसांची कहाणी जुनी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलेन या वैद्याने ओरडणाऱ्या डुकराच्या गळ्यातली नस कापून दाखवली. डुक्कर धडपडत राहिलं, पण त्याचा आवाज बंद झाला. त्यानंतर कित्येक शतकांनी, १९३५ साली, शिकागोमध्ये अमेलिता गाल्ली-कुर्ची या विख्यात ऑपेरा गायिकेचं गलगंडाचं ऑपरेशन झालं. १९३६ साली ती पुन्हा रंगमंचावर उभी राहिली, पण पहिला आवाज काही परतला नाही. दोष वरच्या नसेच्या दुखापतीला देण्यात आला आणि सर्जन मंडळी त्या नसेला तिच्याच नावाने ओळखू लागली. आवाज आधीपासूनच उतरत होता, नसेवरचा आळ सिद्ध होत नाही, असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं आहे. काही असो, गाणाऱ्या गळ्याला हात लावताना सर्जन दोनदा विचार करू लागले, हे त्या बाईचं ऋणच.

आता यंत्राकडे येतो. पूर्ण भूल दिलेला रोगी बोलू शकत नाही. मग नस शाबूत आहे हे कळावं कसं? श्वासासाठी घशात जी नळी घालतात तिच्यावरच, स्वरतंतूंना टेकतील अशा जागी, विद्युतपट्ट्या बसवलेल्या असतात. सर्जन बारीक सळईने नसेला साधारण एक मिलिअँपिअरचा हलका विद्युतस्पर्श करतात. नस जिवंत असेल तर स्वराचा स्नायू आकसतो, पडद्यावर लाट उमटते आणि यंत्र टक् टक् वाजतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही यात वाटा असतो. स्नायू ढिले करणाऱ्या औषधाचा अंमल उतरलेला नसेल तर चांगली नसही मुकीच राहते. नळी जरा फिरली तरी तेच. म्हणून यंत्र गप्प झालं की आधी नळी आणि औषध तपासायचं, मग नसेची काळजी करायची. वरच्या बारीक नसेला स्पर्श केला की तिचा स्नायू थरथरतो, ते डोळ्यांनी बघायचं असतं. कधी ती स्नायूत बुडालेली असते आणि दिसतच नाही, तेव्हा सळईने चाचपून तिचा माग काढावा लागतो.

मी बाहेरून वाचून आलो होतो, म्हणून शहाणपणा करत म्हटलं, "म्हणजे यंत्र असलं की धोका नाही." सर्जनबाई म्हणाल्या, "तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका." मग त्यांनी समजावलं. नस ओळखणं हे सर्जनच्या डोळ्यांचं आणि हाताचंच काम. पोलंडमध्ये हजार रुग्णांवर झालेला आणि २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात यंत्रामुळे तात्पुरती इजा कमी झाली, कायमच्या इजेत मात्र ठोस फरक दिसला नाही. मग यंत्र कशाला? तर बहुतेक वेळा नस कापली जात नाही, ती ताणली जाते. ताणलेली नस डोळ्यांना पांढरीशुभ्र, अखंड दिसते, पण संदेश नेत नाही. हे डोळ्याला कळत नाही, यंत्राला कळतं. दोन्ही बाजू काढायच्या असतील आणि पहिल्याच बाजूची नस गप्प झाली, तर तिथेच थांबून दुसरी बाजू पुढे कधीतरी करता येते.

तेव्हा वाचकहो, अशी वेळ आली तर "यंत्र आहे का?" एवढंच विचारून थांबू नका. "ते गप्प झालं तर तुम्ही काय कराल?" हेही विचारा. उत्तर देताना डॉक्टर गडबडत नसतील तर निश्चिंत व्हा.

वहिनींनी शेवटी दोन सेंटीमीटरच्या छेदाचा मार्ग निवडला. आधी दुर्बिणीने स्वरतंतू तपासले गेले. सर्जनबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी मोबाइलवर मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंतचे स्वरही ध्वनिमुद्रित करून ठेवले. ऑपरेशन झाल्यावर सर्जनबाई बाहेर आल्या आणि दादाला म्हणाल्या, "मधे एकदा सिग्नल निम्म्यावर आला होता." छोट्या छेदातून ग्रंथी बाहेर घेताना ती ओढावी लागते, तिच्याबरोबर नसही ओढली जाते. त्यांनी ओढ सैल केली, हात बाजूला घेतला आणि वाट पाहिली. हळूहळू लाट पुन्हा वर आली. मग त्यांनी दुसऱ्या बाजूने काम सुरू केलं. "किती वेळ थांबलात?" दादाने विचारलं. "लागेल तितका," त्या म्हणाल्या.

मला वाटतं, त्या यंत्राची सारी किंमत त्या थांबण्यात आहे. बिलात त्या नळीची एक वेगळी ओळ होती आणि ती स्वस्त नव्हती. सगळ्या इस्पितळांत ही सोय असते असंही नाही.

गाठ साधी निघाली. वहिनी दुसऱ्या दिवशी बोलल्या, जरा बसक्या आवाजात. तिसऱ्या आठवड्यात तार गंधार लागेना. मोबाइलवरचा आपलाच जुना आवाज ऐकून त्या मुकाट्याने स्वयंपाकघरात निघून गेल्या. दोन्ही नसा ठीक आहेत, असं पुन्हा केलेल्या तपासणीत दिसलं. नस शाबूत असूनही सूज, नळीचा घासा, भरून येणारे स्नायू यांनी आवाज काही काळ बदलतो, हे त्यांना आधीच सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि गाणाऱ्या माणसाने ते सोसणं वेगळं. चौथ्या महिन्यात गंधार आला, मग मध्यम. पंचम अजून कधी लागतो, कधी नाही. वयाचा असेल, ऑपरेशनचा असेल, कोण सांगणार?

मंडळातल्या बायकांनी पेटीवाल्याला पट्टी काळी तीन धरायला सांगितली. पहिल्या दिवशी वहिनींनी कपाळाला आठी घातली. आता म्हणतात, "भावजी, या पट्टीत शब्द जास्त स्पष्ट येतात हां!"