पाने खाली ठेवण्याचे धैर्य

पत्त्यांच्या डावात पाने खाली ठेवणाऱ्याला आपल्याकडे मान नाही. ‘घाबरला बिचारा!’ म्हणून त्याची संभावना होते. आणि हाती काहीही असो, शेवटपर्यंत चिकटून राहणारा शूर ठरतो. आमच्या घरात हे शौर्य सर्वांच्या अंगी आहे. अपवाद फक्त आत्याचा.

अमेरिकेतल्या पुतण्याने आमच्याकडे टेक्सासचा ‘होल्डेम’ पोकर आणला. तिथल्या विधिमंडळाने 2007 साली रॉब्सटाउन गावाला या खेळाचे जन्मगाव म्हणून मान्यताही दिली आहे. खेळ सोपा. प्रत्येकाला दोन झाकली पाने मिळतात. मग मधोमध आधी तीन, नंतर एकेक अशी पाच पाने उघडी पडतात, ती सर्वांची. या सातांतून ज्याची पाच पाने सरस, त्याचा डाव. आम्ही चिंचोक्यांवर खेळतो. पहिल्या दोन फेऱ्यांत दोन-दोन चिंचोके लावायचे, पुढच्या दोन फेऱ्यांत चार-चार, आणि एका फेरीत चढ तीनदाच. यालाच ‘लिमिट’ म्हणतात. ज्याचे चिंचोके सर्वांत कमी, त्याने भाऊबीजेपर्यंत भांडी घासायची. तेव्हा प्रकरण अगदीच पोरखेळ नव्हे!

या मर्यादेची गंमत अशी, की मध्ये पन्नास चिंचोके साचल्यावर आणखी चार टाकायला कोणीच कचरत नाही. थाप मारून कुणाला उठवावे म्हटले, तर उठतो कोण? सतरंजीवर आम्ही दहा जण. बहुतेक डावांना दहाही जण राहतात, आणि त्यांतले तीन-चार तर पाने न बघताच चढवतात. अशा गर्दीत आपल्या हाती मुख्यतः एकच गोष्ट उरते: पहिली दोन पाने ठेवायची की टाकायची.

आत्याचे वय 76. दहांतले आठ डाव ती मुकाट्याने सोडते. तिच्यामागे बसून मी तिची निवड पाहिली आहे, आणि ती पाहण्यासारखी आहे.

एक्क्यांची जोडी सरासरीने 221 डावांत एकदा येते. समोर एकच गडी असला तर ती शंभरांत सुमारे 85 वेळा जिंकते. नऊ जण शेवटपर्यंत राहिले तर सुमारे 31 वेळाच. ‘म्हणजे एक्केसुद्धा बहुधा हरणारच की!’ असे आमची सूनबाई म्हणते. आत्या मात्र चढवते. दहा जणांत आपला वाटा दहाचा, मिळतात एकतीस. मग ढीग वाढलेलाच बरा, नाही का?

उलट राजा बदामचा आणि गुलाम किलवरचा आला, की आम्ही हरखतो. जोडा दिसायला लग्नातला; पण त्यातून बहुधा एखादी जोडी जमायची, आणि दहा जणांत कुणाकडे तरी दोन जोड्या निघायच्याच. आधी दोनदा चढले असेल तर आत्या तो जोडा खाली ठेवते. बदामचा एक्का आणि बदामचीच पंजी मात्र ठेवते. मध्ये तीन बदाम पडणे क्वचितच. पण पडले, की त्या रंगात तिच्यावर कोणी नाही. सत्तीच्या जोडीचा न्याय आणखी निराळा. पहिल्या तीन पानांत तिसरी सत्ती साडेआठ वेळांत एकदा येते. नऊ जण पैसे भरणार असतील तर ही वाट पाहणे परवडते; दोघेच उरले तर नाही. आणि सत्ती आली नाही, तर आत्या त्या जोडीला दुसऱ्यांदा विचारीत नाही.

हे गणित तिला कुणी शिकवले नाही. 1982 च्या गिरणी संपात यजमानांचा पगार थांबला, तेव्हा दारात येणाऱ्या एकेका ‘फायद्याच्या’ योजनेला नाही म्हणत तिने घर तारले होते.

मागच्या दिवाळीत काय झाले म्हणता? तिच्या राजांच्या जोडीवर दुर्री-सत्तीवाल्याने मात केली, अशा दोन-तीन डावांत तिचे चिंचोके गेले, आणि भांडी नेमकी तिच्याच वाट्याला आली! पोरांनी टाळ्या पिटल्या. “काय आजी, निवडून निवडून खेळून काय मिळाले?”

कढई घासता घासता ती म्हणाली, “पाने बरोबर होती रे. पुढच्या वर्षीही हीच ठेवीन.”

पोरे हसली. पुतण्या मात्र पदर खोचल्यासारख्या बाह्या सारून तिच्या शेजारी विसळायला बसला, आणि हळूच विचारू लागला, “आजी, राणी आणि दश्शी आली तर?”