थांबलं म्हणजे संपलं नव्हे

मंडळी, लिनक्सवर लिहिताना कधी कधी असं होतं: पडदा दिसतो, पण कळफलक मुका आणि माउस ढिम्म. कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबूनही काही हलत नाही. लेख जतन केलेला नसतो आणि बोट पॉवरच्या बटणाकडे जातं. जरा थांबा.

पडदा, कळफलक, माउस सांभाळणारा प्रोग्रॅम म्हणजे एक्सऑर्ग (बऱ्याच नव्या संगणकांवर आता वेलँड असतं). त्याला 'स्टॉप' हा संकेत मिळाला की तो आहे तिथंच गोठतो. कळा त्याच्याच ताब्यात असल्यामुळे, दुसऱ्या कन्सोलवर नेणारी जोडकळसुद्धा त्यानंच वाचायची असते!

शाळेत मुलं 'स्टॅच्यू' खेळायची ना, तसंच हे. कुणी 'ओव्हर' म्हणायचा अवकाश. लेख मेमरीत जसाच्या तसा असतो. मात्र हे 'ओव्हर' बाहेरून म्हणावं लागतं. संगणकावर एसएसएच आधीपासून सुरू असेल, तर त्याच वायफायवरच्या मोबाइलमधून आत शिरा आणि रोमन अक्षरांत आज्ञा द्या: सुडो पीकिल -कॉन्ट एक्सऑर्ग. यातलं 'कॉन्ट' सगळं मोठ्या अक्षरांत, एक्सऑर्गचं फक्त पहिलं अक्षर मोठं. 'किल' म्हणवणारी आज्ञा इथं चक्क जागं करते, याची मला गंमत वाटते.

परवानगी असेल तर आल्ट-सिसआरक्यू-के हाही उपाय आहे, पण तो पडद्यावरचं सगळं बंद करतो. लेखही जातो.

म्हणून इथं धामणगाव बढे येथे मी एसएसएच सुरू करून ठेवलंय, पक्क्या पासवर्डसह. तुम्हीही आजच करा.