जॉन डो: कधीच न जन्मलेला वादी

जुन्या इंग्रजी खटल्यांच्या शीर्षकांत ‘डो’ हे नाव इतक्यांदा भेटले, की मी त्याला एखादा भांडखोर जमीनदार समजत होतो. प्रत्यक्षात जॉन डो जन्मलाच नव्हता! जमिनीच्या मालकीचा मूळ दावा अतिशय किचकट असे. म्हणून हक्क सांगणारा म्हणे, मी ही जमीन डोला भाडेपट्ट्याने दिली आणि रिचर्ड रोने त्याला हुसकावले. दोघेही काल्पनिक, न्यायाधीशांनाही हे ठाऊक असे. पण डोचा पट्टा वैध आहे का, हे तपासताना खऱ्या मालकीचा निवाडा होऊन जाई. १८५२च्या कायद्याने हे सोंग मोडीत निघाले. नावे मात्र उरली. अमेरिकेत ओळख न पटलेल्या मृतदेहाला आजही ‘जॉन डो’ म्हणतात. आणि १९७३च्या गर्भपाताच्या गाजलेल्या खटल्यातील ‘जेन रो’? ती मात्र हाडामांसाची स्त्री होती.