गॅस संपत नसतो

मे महिन्यात परभणी जिल्ह्यात पारा ४२च्या वर गेला की गाडीतला एसी ही चैन राहत नाही. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी मानवतहून परभणीला न्यावं लागतं. परतताना ती पार गळून गेलेली असते. नेमका तेव्हाच एसी गरम हवा फेकायला लागला.

गॅरेजात उत्तर तयार होतं: "गॅस संपला असंल, भरून टाकू."

पण हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, कूलिंग कॉइल आणि पुन्हा कॉम्प्रेसर, असा तोच बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठंतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. शिवाय हवेत सुटलेला आर-१३४ए तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा १,००० पटींहून जास्त तापमानवाढ करतो.

कोडमधला बग शोधताना आम्ही आधी बघतो, तो कधी येतो. इथं गाडी पळताना हवा गार यायची, रेल्वे फाटकावर थांबली की गरम. म्हणजे उभ्या गाडीत कंडेन्सरला वारा मिळत नव्हता. एसी लावून बॉनेट उघडलं, तर पंखा बंद. हॉर्नचा रिले अगदी तसाच होता, तो काढून पंख्याला लावला. पंखा फिरला. बिघाड त्या छोट्याशा रिलेत होता.

तुम्हाला कुणी गॅस भरायला सांगितलं, तर आधी एवढंच विचारा: "गळती कुठंय?"