बंदराची सोमसूत्री प्रदक्षिणा

‘पर्यटन’ हा शब्द हल्लीं फार स्वस्त झाला आहे. वाहनाच्या खिडकीशीं बसून दोन दिवसांत पांच स्थळें उरकणें आणि प्रत्येक ठिकाणीं आपलीच छबी टिपून घेणें, ह्यासही आज पर्यटन असेंच म्हणतात. वस्तुतः ‘परि’ म्हणजे सभोंवार व ‘अटन’ म्हणजे हिंडणें. एखाद्या स्थळाच्या सर्व बाजू पाहत त्याच्या भोंवतीं हिंडणें, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. देवळांत आपण प्रदक्षिणा घालतों तिचेंही एक मर्म हेंच असावें. समोरून मूर्तीचें मुख दिसतें. पण देवळाची बांधणी कशी आहे, दगड कोठें झिजला आहे, अभिषेकाचें पाणी कोणत्या बाजूनें बाहेर पडतें, हें पाहण्यास मागेंच जावें लागतें. शहरासही हाच न्याय लागू आहे.

मुंबईचें मुख सर्वांच्या परिचयाचें आहे. गिरगांवची चौपाटी, मलबार टेंकडी, दादरचा किनारा, हें सारें पश्चिमेकडील. परंतु ज्या पाण्यामुळें मुंबई नांवारूपास आली तें बंदर पूर्वेस आहे. आणि पूर्वेचा तो किनारा म्हणजे ह्या भल्या मोठ्या वाड्याचें परसदार होय. विहीर, वखार, गोठा, राबणारीं माणसें, सर्व कांहीं परसदारीं असतें; पाहुणा मात्र ओसरीवर बसून परत जातो.

ह्या परसदारीं जाण्यास उत्तम वाहन कोणतें, असें कोणी विचारील तर ‘सायकल’ असेंच उत्तर आम्ही देऊं. मोटारींतून भिंती तेवढ्या दिसतात, आणि पायीं जावें तर अर्ध्या वाटेंतच ऊन चढतें. सायकलीवर बसलेल्या माणसास दुकानाची पाटी वाचतां येते, भट्टींतल्या पावाचा वास येतो, आणि वाटलें तेथें एक पाय टेंकून उभें राहतां येतें. मुंबईस ह्या वाहनाचें वावडें कधींच नव्हतें. १९२३ च्या ऑक्टोबरांत कांहीं पारशी तरुण ह्याच शहरांतून सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले होते. त्यांपैकीं अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे सुमारें ७१,००० किलोमीटरांचा प्रवास करून १९२८ च्या मार्चांत परत आले. अलीकडे माहीतगार वाटाड्यासह पहाटेच्या सायकलफेऱ्या येथें निघूं लागल्या आहेत. त्या बहुधा कुलाबा, ससून गोदींतील मासळीबाजार आणि कोट ह्यांच्या आसपास फिरतात. गेल्या पौषांत एका रविवारीं आम्ही ज्या फेरींत सामील झालों ती मात्र अपोलो बंदरापासून पूर्व किनाऱ्यानें शिवडीस जाणारी होती.

मंडळी सात होती. पुण्याचें एक जोडपें, कॉलेजांतील दोन मुली, बँकेंतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, आम्ही, आणि आमचा वाटाड्या. हा पंचविशीचा तरुण शिवडीच्या बी. डी. डी. चाळींत लहानाचा मोठा झालेला. त्याचे आजोबा गोदींत हमाल होते. त्याची शिस्त आम्हांस आवडली. सायकलींची रांग एकेरी. हात वर झाला कीं सर्वांनीं थांबावयाचें. चालत्या सायकलीवरून तो एक अक्षरही सांगत नसे. बोलावयाचें तें रस्त्याच्या कडेस उभें राहून, थोडें आणि नेमकें. वर्गांत शिकविणाऱ्यांनींही हा गुण घेण्यासारखा आहे.

अपोलो बंदरावर त्यानें १९२४ सालीं खुल्या झालेल्या गेट-वेकडे बोट दाखवून विटेट ह्या शिल्पकाराचें नांव सांगितलें. बोरीबंदरास, म्हणजे आजच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसापुढें, १८८८ सालीं ती इमारत पुरी करणाऱ्या स्टीव्हन्सचें नांव सांगितलें. आणि म्हणाला, “गुरुजी, हीं दोन नांवं ध्यानांत असूं द्या. दोघांचीही भेट शेवटीं व्हायची आहे.”

पुढें पी. डिमेलो मार्ग लागला. गोदी कामगारांच्या एका पुढाऱ्याचें नांव ह्या रस्त्यास दिलेलें आहे, हें तेथून नित्य जाणाऱ्यांपैकीं किती जणांस ठाऊक असेल? ह्या मार्गानें उत्तरेकडे जातांना बंदर सतत उजव्या हातास राहतें, म्हणजे प्रदक्षिणेचा शास्त्रोक्त क्रमच साधतो. फक्त देव दिसत नाहीं, कारण मध्यें गोदीची उंच भिंत आहे. त्या भिंतीआड १८८० ची प्रिन्सेस गोदी व १८८८ ची व्हिक्टोरिया गोदी होती. व्हिक्टोरिया गोदींत १४ एप्रिल १९४४ रोजीं ‘फोर्ट स्टिकीन’ ह्या जहाजास आग लागली. जहाजांत दारूगोळा होता, कापसाच्या गासड्या होत्या आणि सोन्याच्या विटाही होत्या. कापूस पेटला, दारूगोळ्याचे दोन प्रचंड स्फोट झाले, आणि शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं. त्यांत आग विझविणारे अनेक जवान होते. १४ एप्रिल हा दिवस आपल्या देशांत अग्निशमन दिन म्हणून पाळतात, त्याचें कारण ह्या भिंतीआड घडलें. वाटाड्यानें एवढेंच सांगितलें आणि क्षणभर तो गप्प राहिला, आम्हीही राहिलों.

भाऊच्या धक्क्यावर चहा झाला. हे ‘भाऊ’ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. गेल्याच्या मागील शतकांत त्यांनीं उतारूंसाठीं धक्का बांधला. धक्क्याची जागा पुढें बदलली, तरी लोकांनीं नांव बदलूं दिलें नाहीं. तेथून रे रोड आणि कॉटन ग्रीन. एके काळीं कुलाब्यास भरणारा कापसाचा बाजार विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत येथें आला. १९२५ च्या फेब्रुवारींत ह्याच बाजूच्या रुळांवरून बोरीबंदर ते कुर्ला अशी देशांतील पहिली विजेची गाडी धांवली. कापूस, गिरणी, गोदी आणि रेल्वे हीं चार नांवें आपण पुस्तकांत चार ठिकाणीं वाचतों. तीं एकाच तासाच्या रपेटींत ओळीनें भेटलीं म्हणजे परळ-लालबागचा गिरणगांव येथेंच कां वसला, हें निराळें सांगावें लागत नाहीं.

शिवडी हें मूळचें परळ बेटाच्या पूर्व कांठावरील लहानसें खेडें. येथील ख्रिस्ती दफनभूमि १८६५ पासूनची, म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड ह्यांच्या वेळची आहे. दाट झाडी, शेवाळलेले दगड आणि कमालीची शांतता. येथेंच १९०० सालीं वारलेला स्टीव्हन्स व १९२६ सालीं वारलेला विटेट हे दोघेही चिरविश्रांति घेत आहेत. ज्यांनीं शहराचें मुख घडविलें त्यांस शेवटची जागा परसदारीं मिळाली! कॉलेजांतील मुलींनीं शेजारच्या झाडाचीं चार फुलें उचलून तेथें ठेविलीं. वाटाड्यास ह्याहून निराळें कांहीं सांगण्याची गरज पडली नाहीं.

त्यानंतर किल्ला. शिवडीचा किल्ला लहान आहे. भक्कम दगडी तट, आंत चौक, एक पंचकोनी दालन आणि कमानी छताची लांब वाट. इंग्रजांनीं तो १६८० सालीं बांधला. तें साल सहज आलेलें नाहीं. १६७९ सालीं शिवछत्रपतींनीं बंदराच्या मुखाशीं असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदी घालण्यास आरंभ केला. इंग्रजांनीं विरोध केला तरी काम थांबलें नाहीं. पुढच्याच वर्षीं जंजिऱ्याच्या सिद्दीनें शेजारची उंदेरी बळकाविली. अशा दोन प्रबळ शेजाऱ्यांमध्यें सांपडलेल्या कंपनीस पूर्व किनाऱ्यावर पहाऱ्याची चौकी हवी होती, ह्यांत नवल नाहीं. चौकी मात्र वेळेवर उपयोगीं पडली नाहीं. १६८९ सालीं सिद्दी याकूतखान मोठें सैन्य घेऊन उतरला तो ह्याच शिवडीस. किल्ला त्यानें प्रथम घेतला, मग माजगांव आणि माहीम. अखेरीस कंपनीस औरंगजेबाकडे क्षमा मागून दंड भरावा लागला, तेव्हां १६९० सालीं सिद्दी परत गेला. पुढें ह्या किल्ल्याचा तुरुंग झाला आणि नंतर गोदाम.

तटावरून खालीं पाहिलें तेव्हां ओहोटी लागली होती. तिवरांच्या पलीकडे चिखलाचें विस्तीर्ण पात्र उघडें पडलें होतें आणि त्यावर गुलाबी रेघ ओढावी तसे रोहित पक्षी, ज्यांस आतां सर्वत्र फ्लेमिंगो म्हणतात, चरत होते. हे हिंवाळ्यांत येतात व उन्हाळ्याच्या अखेरीस बहुतेक निघून जातात. त्यांचीं घरटीं कच्छच्या रणांत असतात. चोंच उलटी करून ती पाण्यांत चाळणीसारखी वापरावयाची आणि शेवाळ व सूक्ष्म जीव गाळून घ्यावयाचे, अशी त्यांची जेवणाची रीत आहे. कारखाने, तेलाच्या टांक्या आणि गोदामें ह्यांच्या मधोमध हें अन्नछत्र टिकून राहिलें आहे.

त्याच चिखलावरून अटल सेतु निघतो. १२ जानेवारी १९२४ नव्हे, २०२४ रोजीं उद्घाटन झालेला हा पूल सुमारें २२ किलोमीटर लांब असून त्यांतील सोळांहून अधिक किलोमीटर समुद्रावर आहे. त्यावरून शिवडीचा माणूस थोड्याच मिनिटांत न्हावा-शेव्याकडे उतरतो; अर्थात् त्याच्यापाशीं मोटार असेल तर. मोटारसायकलींसही तेथें मनाई आहे, मग आमच्या सायकलींची कथा काय! मोटारींस ताशीं १०० किलोमीटर वेगाची मुभा असलेल्या रस्त्यावर सायकल नसावी, हें आम्हांसही पटतें. परंतु बंदरास वळसा घालण्याची आमची वाट तेथें संपली, हेंही खरें. शंकराच्या देवळांत सोमसूत्र ओलांडीत नाहींत. तेथवर जाऊन परत फिरतात व दुसऱ्या बाजूनें पुन्हां तेथवर येतात. शिवडीचा हा पूल सायकलस्वाराचें सोमसूत्र होय.

बँकेचे गृहस्थ तटावर उभे राहून म्हणाले, “हीं जुनीं गोदामं नि झोपड्या एकदां हटल्या, किनाऱ्यानं बाग झाली, कीं हा भाग काय सुरेख होईल!”

वाटाड्या शांतपणें म्हणाला, “काका, सुरेख व्हावं असं आम्हांलाही वाटतं. पण आमची चाळ बंदराच्या जमिनीवर आहे. वरळी, नायगांव, ना. म. जोशी मार्ग, तिथल्या चाळींचं काम सुरू झालं. आमच्या मागं राहिल्या. बाग झाली तर ती दाखवायला मी इथंच राहायला असेन का, एवढंच मला कळत नाहीं.”

गृहस्थ सज्जन होते. त्यांनीं उगाच प्रतिवाद केला नाहीं. आमच्या मतें त्या सकाळचा सर्वांत मोलाचा पाठ हाच होता. मुंबईचा पूर्व किनारा आज ना उद्यां परसदार राहणार नाहीं. बंदराचें बरेंचसें काम पलीकडील न्हावा-शेव्यास गेलें आहे, आणि एवढी जागा ह्या शहरांत कोणी फार काळ मोकळी ठेवीत नाहीं. प्रश्न इतकाच कीं, येथें नवें दार होईल तेव्हां त्याच्या आंत कोणास घेतलें जाईल. हमालाच्या नातवानें दाखविलेला किनारा आणि छापील पाटीनें दाखविलेला किनारा एक नव्हे.

दुसरी बाजू आम्हीं पुढच्या रविवारीं पाहिली. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास जाणारी रो-रो बोट २०२० पासून सुरू झाली आहे. तिच्यावर मोटारींप्रमाणें सायकलीही चढवितां येतात. सुमारें तासाभरांत मांडवा येतें, आणि लगेच गांव सुरू होतो. नारळी-पोफळीच्या वाड्या, कौलारू घरें, सुकत घातलेली मासळी, विहिरीवरचें रहाटगाडगें. किहीमास सलीम अलींनीं १९३० च्या सुमारास सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला. तेथून थोडें पुढें थळच्या किनाऱ्यावर उभें राहिलें कीं समोर खांदेरी आणि उंदेरी दिसतात. तेथेंच शिवडीचा किल्ला खऱ्या अर्थानें समजला. तिकडून पाहिलेली भीति इकडून पाहिलेल्या हिंमतीशीं जोडली गेली आणि १६७९, १६८०, १६८९ हीं सुटीं सालें एका बंदराची एक कथा झालीं. खांदेरीचा समावेश २०२५ सालीं जागतिक वारसास्थळांत, मराठ्यांच्या इतर दुर्गांसमवेत, झाला आहे. शिवडीचा किल्ला मात्र अजून गोदामांच्या आडच आहे.

असो. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं धडधाकट सायकल आणि जिज्ञासू मुलें आहेत, त्यांनीं येत्या हिंवाळ्यांत ही दोन्ही अंगें अवश्य पाहावीं. दिवस रविवारचा असावा, कारण त्या दिवशीं मालमोटारींची वर्दळ कमी असते. पंचांगाबरोबर ओहोटीची वेळही पाहून ठेवावी. भरतीला पक्षी दूर सरकतात. डोक्यास शिरस्त्राण व सोबत पाणी असावें. आणि वाटाड्या निवडतांना त्याच्या सायकलीपेक्षां तो कोठला राहणारा आहे, हें आधीं विचारावें. देऊळ कोणीही दाखवील; देवळाच्या मागें पाणी कोठून वाहतें, हें तेथें राहणाराच सांगूं शकतो.