आडनाव आधी, भाडे नंतर

कोथरूडला नवी नोकरी लागली. विश्रांतवाडीहून रोज मनपाला बस बदलण्यापेक्षा कर्वेनगरात खोली घ्यावी म्हटले. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, एजंटाचे एक भाडे, सगळे कबूल केले. मालकीणकाकूंनी चहा दिला. मग विचारले, "पूर्ण नाव काय गं?" सांगितले. मग गाव, मग "नॉनव्हेज?" मी खात नाही. (खात असते तरी काय बिघडले असते?) संध्याकाळी एजंटाचा फोन: "मॅडम, त्यांचे नातेवाईक राहायला येतायत." पंधरा दिवसांनी गेले, तर 'भाड्याने देणे आहे'ची पाटी तशीच.

१९१७ साली बडोदा संस्थानाच्या नोकरीत असलेल्या बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून काढायला लोक काठ्या घेऊन आले होते. छप्पर गेले आणि नोकरीही सुटली. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून राहत्या जागेला आडकाठी करणे गुन्हा आहे. पण काकू 'जात' हा शब्द उच्चारल्याच नाहीत. तक्रारीत लिहू काय? नातेवाईक आले नाहीत म्हणून?

आता एजंटाला पहिल्या वाक्यातच आडनाव सांगते, भाडे नंतर विचारते. तूर्त दोन बस चालू आहेत.